निवडणी विभागातली भट्टी

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये मी निवडणी विभागाची सुपरवायझर. चौदा बायका, समोर डाळीचे ढीग, दिवसभर खडे वेचायचे. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, मग किस्से साठणारच! त्यातले निम्मे तरी पाळी जाण्याच्या वयातले. मी अडतीसची, म्हणून मला भारी कुतूहल.

*

डिसेंबरची थंडी. इंदू अक्कांनी पंखा फुल्ल केला. बाकीच्यांनी शाली ओढल्या.

मी विचारलं, "अक्का, ताप आहे का?"

"ताप नही व माय, आंगमा भट्टी पेटनी!"

दहा मिनिटांनी अक्काच कुडकुडत ओरडल्या, "पंखा कोनी लावा व?"

*

शेठजी राउंडला आले. "थंडीत पंखा?"

मी हळूच म्हटलं, "लेडीज प्रॉब्लेम आहे, शेठजी."

ते आल्या पावली परत गेले. दुसऱ्या दिवशी खोकंभर सॅनिटरी पॅड हजर!

अक्कांनी आत डोकावून पाहिलं. "आते काय कामनं? बठ्ठं बंद व्हई गयं!"

*

आरोग्य शिबिरात डॉक्टर मॅडमनी सांगितलं, सलग बारा महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला समजायचं. गोण्यांना लेबलं लावणाऱ्या सुनंदाताई तेव्हापासून कॅलेंडरवर फुल्या मारू लागल्या. अकराव्या महिन्यात एका सकाळी चेहरा पाडून आल्या.

"नापास! परत पहिलीपासून!"

*

याच सुनंदाताईंनी तुरीच्या गोण्यांना मुगाची लेबलं लावली. तेही तिसऱ्यांदा. शेठजींसमोर त्या रडल्याच. "मला वेड लागतंय. मी काम सोडते."

मी तिथूनच डॉक्टर मॅडमना फोन लावला.

"वेड कसलं? घामाने झोपमोड होत असेल. आधी त्यांना झोपू द्या!"

शेठजींनी ऐकलं. सोमवारपासून सुनंदाताई आठऐवजी दहाला यायला लागल्या. महिन्याभरात लेबलं बरोबर! शेठजी मात्र रोज मला विचारत, "आता झोप लागते का त्यांना? चिडचिड कमी झाली?" यांना एवढी काळजी कशी, मला नवल वाटायचं.

*

मग एका दुपारी शेठजींनी अक्कांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. डायरी उघडली.

"अक्का, सहा महिने झाले, आमच्या घरी... एकदम चिडणं, एकदम रडणं. अशा वेळी माणसाने करायचं काय?"

अक्का खुर्चीत ऐसपैस बसल्या. "इचारानं, 'बरं वाटस का?' अन् ती सांगस तोवर गप बसानं."

शेठजींनी ते लिहून घेतलं. खाली रेघ मारली. मग दबक्या आवाजात म्हणाले, "हे बाहेर कुठे बोलू नका हं."

"घाबरू नका, शेठजी," अक्का उठता उठता म्हणाल्या. "बायकोनं इचाराले येल तुम्ही पाचवा नवरा शेतस!"