टॉवेलाखालची पारख

साल २०२३. माझं वय तेव्हा शहात्तर. भूतबाधा, अंगात येणं, उतारा टाकणं... असल्या गोष्टींना मी उभ्या जन्मात भीक घातली नाही. तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथं, टाकलेला उताऱ्याचा नारळ उचलून घरी आणून खाल्लेला माणूस आहे मी. खोबरं चांगलं गोड निघालं होतं. तेव्हा पुढचं वाचून कुणी ‘म्हाताऱ्याला भास झाला’ म्हणणार असेल तर खुशाल म्हणू दे. मी चौथी शिकलोय, पण वेडा न्हाय.

राहायला उचगावात. उमेदीची वर्षं सगळी पेठ वडगावात एका व्यापाऱ्याच्या तंबाखूच्या वखारीत गेली. मी पारखी होतो. शेतकऱ्याचा माल आला की आधी माझ्यापुढं यायचा. जोडीला बाबगोंडा. दोघांनी मिळून माल बघायचा अशी वखारीची रीत.

ती रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाबगोंडा जैन. धूर जन्मात ओढला नाही. तो पान बोटांत धरायचा, कानाजवळ नेऊन चुरगळायचा आणि त्यातनंच काय ते ओळखायचा. मी विडी वळून ओढायचो... वास, चव, राख. पण निकाल तोंडानं बोलायचा नाही. शेतकरी समोर उभा असतो, त्याचं वर्षाचं पीक असतं. तोंडावर ‘टाकाऊ’ म्हणलं की माणूस खचतो, नाहीतर अंगावर येतो. म्हणून आम्ही शेजारी बसायचो, मांडीवर टॉवेल टाकायचो आणि खाली एकमेकाचा हात धरायचो. चार बोटं धरली म्हणजे एक नंबर. नुसती करंगळी धरली म्हणजे टाकाऊ. आणि मनगट दाबलं तर पोत्याच्या तोंडाला एक माल, पोटात दुसरा. वर चांगलं पान लावून मध्ये चुरा भरणारे काय कमी नव्हते. दोघांचं जुळलं की मगच मालकाला सांगायचं. गुळाच्या सौद्यात रुमालाखाली बोटं धरायचे, तसंच.

बाबगोंडाचं अंगठ्याजवळचं बोट अर्धं होतं. लहानपणी उसाच्या चरकात गेलेलं. त्यामुळं डोळे मिटून त्याचा हात धरला तरी ओळखू यायचा. माणूस मुलखाचा अबोल. घरी पाव्हण्यांपुढं पोरानं काही मागितलं तर तोंडानं ‘नको’ म्हणायचा नाही, पोराला शेजारी घेऊन मनगट दाबायचा. पोरगं गप. बाबगोंडा जाऊन आता बरीच वर्षं झाली.

आता माझं सांगतो. करोनाच्या तापात माझं नाक गेलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. नाही आलं. जिभेला तिखट-खारट तेवढं कळायचं, वास म्हणाल तर काही नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. का सांगायचं? अजून लोक लांबनं येतात, ‘आप्पा, एवढं पान बघा’ म्हणतात. गुडघा गेला म्हणून पैलवान काय तालमीत दवंडी पिटतो?

दिवाळी होऊन गेली होती. दुपार कलली होती, पण ऊन चांगलं होतं. मी दारातल्या कट्ट्यावर बसलेलो. तेवढ्यात गाडी आली आणि बाबगोंडाचा पोरगा सुकुमार उतरला. पोरगा म्हणजे आता पन्नाशीचा. बरोबर एक इस्त्रीतला माणूस.

“आप्पा, हे पावणं पुण्याचं. चिरुटाचा कारखाना काढायलेत, मी भागीदार. भांडवलासाठी बाबांचं रान विकायला काढलंय. उद्या पुण्यात सह्या.”

“कुठलं रान?”

“वडगावचं. सगळंच.”

ते रान बाबगोंडानं खडक फोडून केलेलं.

“पण आधी तुम्ही ह्यांचा माल बघा,” सुकुमार म्हणाला. “तुम्ही व्हय म्हणला की झालं. बाबा असते तर त्यांनी पण तुमच्याकडंच आणलं असतं.”

दोघांसाठी खुर्च्या टाकल्या. माझ्या डाव्या हाताची जागा मोकळी होती. बाबगोंडा यायचा तेव्हा तिथं बसायचा. कट्ट्यावरची ती जागा अजून कोणी बळकावलेली नाही, का ते मला विचारू नका.

पाव्हण्यानं लाकडी डबी उघडली. चिरूट बघून मीसुद्धा जरा सरळ बसलो. वीतभर लांब, अंगठ्यापेक्षा जाड, पोटावर सोनेरी पट्टी. तेवढ्यात आमची कारभारीण चहा घेऊन आली. म्हणाली, “अगं बया, ह्यो वडायचा का ह्याच्यावर भाकरी भाजायची?”

पाव्हणा हसला. “काका, हा प्रीमियम सिगार आहे. धूर आत घ्यायचा नाही, तोंडात खेळवायचा. आधी कॉफीचा फ्लेवर येईल, मग चॉकलेटचा, शेवटी लेदर.”

“लेदर म्हंजे?”

“चामडं, आप्पा,” सुकुमार म्हणाला.

“मग त्याला धूर कशाला पाहिजे? पायात पायताण हाय की.”

सुकुमार हसला, पण मला आतनं हसू येत नव्हतं. त्यानं रान माझ्या नाकाच्या भरवशावर मांडलं होतं आणि ते नाक जाग्यावर नव्हतं.

सवयीनं टॉवेल मांडीवर घेतला. डावा हात टॉवेलाखाली गेला, तोही सवयीनं. चिरूट बोटांनी दाबत दाबत तपासला. कुठं पोकळ नाही, कुठं गाठ नाही. वरचं पान झकास, शिरा बारीक, तेलाचा हात फिरवल्यासारखं. अडकित्त्यानं टोक उडवलं. लायटर नको म्हणालो, काडी ओढली, चिरूट फिरवत फिरवत गोल पेटवला आणि ओढला.

तोंडात गरम वाफ. बाकी काही नाही. कॉफी नाही, चामडं नाही. पाण्याच्या पातेल्यावर तोंड धरल्यावर लागते तशी वाफ.

मग डोळ्यांनी बघायला लागलो. आग सगळीकडनं सारखी जळत होती. राख पांढुरकी, घट्ट, बोटाच्या पेराएवढी झाली तरी पडत नव्हती. राख धरून ठेवणारं पान लांब असतं, चांगलं असतं. म्हणजे डोळ्यांनी बघितलं तर मालात काही खोड नाही. म्हटलं, एक नंबर म्हणून मोकळं व्हावं. नाकाचं नावसुद्धा निघणार नाही.

ते म्हणायला चिरूट तोंडातनं काढला... आणि डावं मनगट कुणीतरी दाबलं.

हळू नाही, चांगलं दाबलं. आधी वाटलं शीर आखडली. पण शीर आखडली तर ती आतनं दुखते. हे वरनं होतं, आणि गार होतं. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. बोटं तीन पूर्ण होती, चौथं मध्येच संपलेलं.

टॉवेल हलला नाही. समोर दोघं खुर्च्यांवर, चार हात चहाच्या कपांवर. मी टॉवेल बाजूला केला. खाली माझा एकट्याचा हात. त्यावर वळ नाही, काही नाही. परत टॉवेल टाकला... परत तसंच. या खेपेला लांब दाबून धरलं, समजेपर्यंत.

भ्यालो का म्हणाल तर नाही. एवढंच मनात आलं की, ह्याला अजून माझ्यावर भरवसा नाही.

मी चिरूट कट्ट्यावर टेकवून विझवला.

“खोट हाय. तोंडाला एक, पोटात एक.”

पाव्हण्याचा चेहरा जरा बदलला, मग हसला. “काका, अजून पावसुद्धा जळला नाही. पोटातलं तुम्हाला कसं कळलं?”

त्याचं बरोबर होतं.

“सांगितलं ते सांगितलं.”

“आप्पा, काय खोट हाय ते तरी सांगा की,” सुकुमार म्हणाला. “नुसत्या एवढ्यावर मी काय करू?”

“जाऊ द्या हो,” पाव्हणा त्याला म्हणाला. “या वयात चव जाते माणसाची.”

हे मात्र माझ्या वर्मी लागलं. तिथंच चिरूट फोडून दाखवता आला असता. पण पारख्यानं शब्द दिल्यावर माल फोडून दाखवायचा नसतो, त्यात शब्दाची किंमत जाते. आणि खरं सांगू? फोडून चांगला निघाला असता तर? दोघं गाडीत बसले. जाताना सुकुमारनं नेहमीसारखा नमस्कार केला, पण माझ्याकडं बघितलं नाही. म्हणजे सह्या होणार होत्या.

दिवस मावळायच्या आत मी विळी घेतली आणि राहिलेला चिरूट उभा चिरला.

“आता काय चिरुटाची भाजी करताय?” कारभारीण म्हणाली.

सोनेरी पट्टीपर्यंत लांब पान होतं, सुरेख. पट्टीच्या पुढं नुसता चुरा. देठाचे तुकडे, काळी पडलेली पानं, भिजून वाळलेली. वर ते झकास पान गुंडाळलेलं. पोत्याची जुनीच लबाडी, वीतभर चिरुटात केलेली.

“ई! कसला कुबट वास येतोय,” ती म्हणाली.

“येतोय खरा.”

“तुम्हास्नी कुठला येतोय? परवा दूध करपून घरभर वास सुटला आणि तुम्ही चुलीला पाठ लावून बसलावता. मला काय कळत न्हाय व्हय?”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुम्ही बोलायची वाट बघत हुतो.”

मी चिरलेला चिरूट कागदात बांधून ठेवला.

नंतर मी ही गोष्ट दोघा-तिघांना सांगितली. एक म्हणतो, हाताला जुनी सवय असते, पारख हातानंच केली आणि तुम्हाला बाबगोंडाचा हात वाटला. असेल. पण माझ्या हाताला ती पारख कधीच येत नव्हती. बोटं त्याची, नाक माझं, अशीच आमची वाटणी होती. आणि विझवला तेव्हा आग पट्टीच्या बरीच अलीकडं होती, चुऱ्याला पोचलीसुद्धा नव्हती. दुसरा म्हणतो, आत्मा. ते मला पटत नाही. आजही पटत नाही. मग काय होतं? मला माहीत नाही. त्यानंतर मी त्या कट्ट्यावर टॉवेल टाकून पुष्कळदा बसलोय. परत काही झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं पेठ वडगावला गेलो. सुकुमार अंघोळ करून, कपडे घालून पुण्याला निघायच्या तयारीत पायरीवर उभा होता. मी चिरलेला चिरूट कागदातनं काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं चुरा बोटांनी पसरला, नाकाजवळ नेला, तोंड वाकडं केलं आणि तिथंच पायरीवर बसला.

“मानलं आप्पा तुमच्या नाकाला,” तो म्हणाला. “न फोडता! आता असा पारखी न्हाय कुठं.”

असलं ऐकायला मला कायम आवडत आलंय. आताही आवडलं.

“नाक गेलंय माझं,” मी म्हणालो. “करोनापासनं. काल मला त्यातलं काय बी कळलं न्हाय.”

“मग पारख कुणी केली?”

मी त्याच्या शेजारी बसलो. खांद्यावरचा टॉवेल काढून दोघांच्या मांडीवर टाकला. खाली त्याचा हात धरला, माझं अंगठ्याजवळचं बोट अर्ध्यात दुमडलं आणि त्याचं मनगट दाबलं.

त्यानं हात काढून घेतला नाही. त्याच्या खिशात फोन वाजत होता. वाजून वाजून गप झाला.