साडेदहाची मंगरूळपीर

इंग्रजी शाळेतल्या शिक्षिकेच्या नोकरीसाठी मला मुलांसमोर एक नमुना तास घ्यायचा होता. हातात खडू, समोर चाळीस मुलं, आणि माझ्या तोंडून आवाजच फुटेना. पाच मिनिटांनी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "महिन्याने पुन्हा या. पण तेव्हाही असंच झालं तर मग राहू द्या."

त्या संध्याकाळी मी ठरवलं, महिनाभर रोज एका अनोळखी माणसाला एक प्रश्न विचारायचा. वहीत तीस चौकोन आखले. रिसोडच्या बसस्टँडवर चौकशीची खिडकी आहे. तिथला माणूस 'कशाला पाहिजे?' असं उलटं विचारत नाही, म्हणून ती निवडली.

पहिल्या दिवशी खिडकीजवळून तीनदा परत फिरले. चौथ्यांदा बोर्डावर दिसलं ते नाव घेतलं, "मंगरूळपीरची गाडी किती वाजता आहे?"

"साडेदहाले."

घरी येऊन चौकोनात खूण केली. आनंदाने तीच खूण पुन्हा एकदा गिरवली.

दुसऱ्या दिवशी वेगळा प्रश्न विचारायला वेगळं धैर्य लागलं असतं. म्हणून पुन्हा मंगरूळपीर. विचारून लगेच निघून जाणं बरं दिसत नाही, म्हणून मी बाकावर बसायचे, गाडी सुटताना पाहायचे आणि मग घरी जायचे. सहाव्या दिवशी खिडकीतला माणूस म्हणाला, "साडेदहालेच हाय, ताई. काल बी साडेदहालेच होती." तो आता अनोळखी राहिला का, याचा विचार मी केला नाही. खूण केली.

नवव्या दिवशी बाकाशेजारची फुटाणेवाली मावशी म्हणाली, "काहून वं पोरी, रोज गाडी पुसतं अन् बसत तं नाहीस. कोनाची वाट पाहून राह्यली?"

"कोणाची नाही."

"हां. सगळ्या असंच सांगतेत," म्हणून तिने माझ्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले.

बाराव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की भीती गेली आहे, आणि तिच्यासोबत उत्साहही. घाबरत होते तोवर रोज पराक्रम केल्यासारखं वाटायचं. आता नळाचं पाणी भरण्यासारखं एक काम उरलं होतं. दोन दिवस गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी कुरियरवाला दारात आला आणि मी आईला पुढे केलं. नमुना तासाला पंधरा दिवस उरले होते. मी चप्पल घातली.

खिडकीशी पोचायच्या आतच आवाज आला, "साडेदहाले! दोन दिवस कोठी होत्या, ताई?"

माझी पंचाईत झाली. मी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाची खूण कशी करायची? घाईत तोंडून निघालं, "आणि तिकडून परत यायला?"

तो खुर्चीवरून उठला. "म्हंजे आज तुमी खरंच चालल्या?"

"चालली, चालली!" मावशी ओरडली. "ओ कंडक्टर, हिले खिडकीपाशी बसवा!"

नाही म्हणायला लागतात ती वाक्यं माझ्याकडे तयार नव्हती. गाडीतल्या दोन प्रवाशांनी उठून जागा दिली, मावशीने पदराने डोळे पुसले, आणि मी मंगरूळपीरला निघाले. तिथे माझं कोणीही नव्हतं.

उतरल्यावर तिथली चौकशीची खिडकी शोधली. "रिसोडची गाडी किती वाजता?"

"बोर्डावर लिवलं हाय."

"वाचलं. तरी तुम्ही सांगा."

हे कोण बोललं ते पाहायला मी मागे वळले. मागे कोणी नव्हतं.

"साडेतीनले," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रिसोडला मावशीने हळूच विचारलं, "काय झालं वं?"

"काही नाही."

"जाऊ दे. दुसरा भेटन."

त्यानंतरचे सगळे दिवस मी गेले. एकही दिवस मनापासून नाही. कधी पावसात, कधी डोकं दुखत असताना, बहुतेकदा नुसती कंटाळलेली.

तासाच्या दिवशी आवाज फुटला, पण बारीक. शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅम, ऐकू नाही येऊन राह्यलं."

मी वाक्य पुन्हा म्हटलं. तिने 'नाही' अशी मान हलवली. मुख्याध्यापिका पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहत होत्या. मग मी फळा सोडला, बाकांमधून चालत तिच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि उरलेला तास तिथूनच घेतला.