मशीनमध्ये मी, पायाशी बाबा

मंगळवारी दुपारी धंतोलीतल्या एका सेंटरमध्ये एमआरआयच्या दाराबाहेर बसले होते.

त्याआधी एकदा तिथूनच पळून आले होते मी! आत सरकवल्याबरोबर मदतीला बोलवायचा हातातला रबरी फुगा असा काही दाबला की टेक्निशियनच घाबरला. पण चक्कर थांबत नव्हती आणि डोक्यात काय आहे ते बघितल्याशिवाय डॉक्टर औषध बदलायला तयार नव्हते. मशीनची भीती वेगळी, त्यात काय निघेल याची वेगळी.

मिहानमधल्या आमच्या ऑफिसात स्ट्रेस मॅनेजमेंटचं सेशन झालं होतं. श्वास मोजत घ्या, समोरच्या वस्तूंची मनात नावं घ्या... घरी सोफ्यावर बसून फार छान जमायचं हो!

या वेळी सोबत बाबा होते, उमरेडहून सकाळच्या एसटीने आलेले. जन्मभर हातमागावर लुगडी विणली, आता गुडघे बोलतात. नातेवाइकाला आत बसता येतं म्हटल्यावर घड्याळ, चिल्लर, गळ्यातला ताईत, सगळं काढून तयार.

तोंडावर जाळी बसली, कानांवर हेडफोन. ठकठक सुरू झाली आणि श्वास मोजायचं पार विसरले. वस्तूंची नावं घ्यावी तर नाकासमोर नुसतं पांढरं... मेले आता! फुगा दाबणारच होते.

तेवढ्यात पायाला हात लागला. बाबांचा! एरवी "अहो बाबा, पायाला काय हात लावता" म्हणत पाय ओढूनच घेतला असता. पण हलायचं नव्हतं ना...

डावा तळवा दाबला, सोडला. मग उजवा. परत डावा... हे मला माहीत होतं. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बाबा पावड्या, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्या, अशाच दाबायचे, एकदा या पायाने, एकदा त्या. मी शेजारी बसून बघायची.

डाव्याला श्वास आत, उजव्याला बाहेर. कधी जमलं, कळलंच नाही. भीती गेली नाही हं, तिथेच होती. पण शेवटपर्यंत फुगा दाबला नाही मी.

बाहेर आल्यावर विचारलं, "बाबा, मला शांत करायचं हे कसं सुचलं तुम्हाला?"

"तुले कायचं शांत करतो वं... मलेच भेव लागून रायलं होतं. तू सारी आत, नुसते पाय दिसत. माहे हात कापाले लागले, म्हणून धरले."

मग ते ताईत बांधायला लागले. जन्मभर तुटलेले धागे जोडणारी बोटं... आणि दोऱ्याची एक गाठ बसेना. मीच बांधून दिली.

रिपोर्ट उद्या आहे. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? बाबांना उमरेडला जाऊ दिलं नाही. उद्या दोघंही घाबरत जाऊ, पण सोबत जाऊ.