हसून कोण राह्यलं?

"उभी राहा. हा शब्द वाच."

फळ्यावर इंग्रजीत 'प्लेझर' लिहिलं होतं. शेजारी त्यातल्या ध्वनीची खूण, शेपूट फुटलेल्या तीनासारखी. मी उभी राहिले. वाचलं.

"प्लेजर."

"परत."

"प्लेजर."

"परत."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. सरांनी खिशातून मोबाईल काढला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "आता म्हण. अभ्यासाला उपयोगी पडेल." मी म्हटलं. "परत." परत म्हटलं. मग 'मेजर' म्हणायला लावलं. 'ट्रेजर'. 'व्हिजन'. तोंड कोरडं पडलं होतं. वर्ग आता उघड हसत होता. मी थांबले की सर नुसतं बोट हलवायचे. पुढं.

शेवटी त्यांनी विचारलं, "आडनाव काय तुझं?"

हजेरी घेताना रोज ते माझं आडनाव वाचायचे. त्यांना माहीत होतं. त्यांना ते माझ्या तोंडून, सगळ्यांसमोर ऐकायचं होतं.

मी सांगितलं.

"हं," सर म्हणाले. माझ्याकडे नाही, वर्गाकडे बघून म्हणाले. "जीभ घरातून येते. पुस्तकातून येत नाही."

मी बसले. पुढचा तास काय झाला ते आठवत नाही. वहीवर पेनाचं टोक ठेवून बसले होते, शाई पसरून मोठा डाग पडला, एवढं आठवतं.

मी तेव्हा चिखलीला इंग्रजीत एम.ए. करत होते. आमचं गाव हिवरा आश्रमाच्या अलीकडं, फाट्यावरून आत. माय रोजानं शेतात जायची. बाबा डोणगावच्या बाजारात पोती उचलायचे, पाठ गेल्यापासून घरीच होते. सकाळी फाट्यावर उभं राहायचं. एसटी थांबली तर एसटी, नाही तर जीप. परत येईपर्यंत दिवस मावळलेला. आमच्या बौद्धवाड्यातून इंग्रजी घेऊन एम.ए. करणारी मी पहिली. लोक कौतुकानं विचारायचे, "आता तं फाडफाड बोलत असशील?" मी मान हलवायची.

त्या संध्याकाळी जीपमध्येच मोबाईल वाजायला लागला. वर्गाच्या ग्रुपवर सरांनी माझं रेकॉर्डिंग टाकलं होतं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, नेहमीच्या चुका, सर्वांनी ऐका. त्याच्या खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. त्यात शीतलचाही एक होता. शीतल माझी मैत्रीण. आम्ही एका डब्यात जेवायचो. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहूनच सांगितलं, "मी नसतं टाकलं तं मंग माह्यावर आलं असतं बे." तिचं खरं होतं. तिची जीभही माझ्यासारखीच, माझ्यानंतर तिचाच नंबर होता.

मी अभ्यासाला लागले. दुसरं काय करणार?

भाषाविज्ञानाचा पेपर होता. ध्वनी, त्यांच्या खुणा, शब्दांची फोड, वाक्यांची झाडं. पुस्तकात तोंडाचं चित्र होतं, डोकं मधोमध उभं कापल्यासारखं. ओठ, दात, टाळू, जीभ, गळा. कोणता ध्वनी कुठं अडतो, कुठून निसटतो, सगळं बाणांनी दाखवलेलं. त्या चित्रातल्या माणसाला आडनाव नव्हतं. मी ते चित्र तासन् तास बघत बसायची.

जीपमध्ये तोंडाला स्कार्फ बांधलेला असायचा. त्याच्या आत मी ओठ हलवत राहायची. प्लेझर, मेझर, ट्रेझर. सुट्टीच्या दिवशी मायबरोबर कापूस वेचायला जायची, तिथंही तेच. बोंडाची टरफलं बोटांत घुसायची आणि तोंडात तो ध्वनी. कानात मोबाईलवरच्या शब्दकोशाचा आवाज. एकदा तो ध्वनी नीट ऐकू आला आणि कळलं, सरही तो चुकीचाच म्हणतात. तेही जिभेचं टोक दाताकडे नेतात. त्यांचा आणि माझा ध्वनी, दोन्ही त्या खुणेपासून लांबच. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. नुसता थकवा आला. म्हणजे चूक कोणाची पकडायची, हे ध्वनीवर ठरत नव्हतं तर.

मी बोलायचं कमी केलं. वर्गात तर केलंच, घरीही केलं. तोंड उघडण्याआधी प्रत्येक शब्द तपासायचा. मराठीसुद्धा. 'मले' नाही, 'मला'. 'कायले' नाही, 'कशाला'. दिवसभर असं केलं की रात्री जबडा दुखायचा.

मग बोलींवरचा धडा आला. सरांनी खुर्चीत बसून नोट्स सांगितल्या. कोणतीही बोली कमी दर्जाची नसते. प्रत्येक बोलीला पूर्ण व्याकरण असतं. प्रमाण भाषा ही सत्ता असलेल्या लोकांची बोली असते. एकेक वाक्य दोनदा सांगितलं, म्हणजे उतरवून घेता यावं. "हे परीक्षेला हमखास येतं," ते म्हणाले. "पाठ करून टाका."

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. ते घड्याळ बघत होते.

रेकॉर्डिंग ग्रुपमधून बाहेर गेलं होतं. कोणी पाठवलं माहीत नाही. फिरत फिरत ते आमच्या गावात आलं. माझ्या चुलत भावानं अंगणात मोठ्यानं लावलं. वाईट हेतू नव्हता त्याचा. ताईचं इंग्रजी म्हणून लावलं. मी आत होते. माय चुलीपुढं भाकरी थापत होती. माझा आवाज आला. प्लेजर. मेजर. मधे मधे हसणं. सरांचा आवाज, परत.

मायचा हात थांबला.

"हा तं तुहा आवाज हाये व बाई," ती म्हणाली. "इंग्रजी बोलून राह्यली तू." तिचं तोंड उजळलं होतं. मग तिनं कान देऊन ऐकलं. तोंड उतरलं.

"तू बोलून राह्यली," ती म्हणाली. "मंग हसून कोण राह्यलं?"

तिनं परत विचारलं. "सांग नं. कोण हसून राह्यलं तुले?"

मी उठून बाहेर गेले आणि भावाच्या हातातला मोबाईल बंद केला. वर्गात मला लाज वाटली होती. इथं मला राग आला. इतके दिवस मी माझ्या जिभेकडे बघत बसले होते. हसणाऱ्यांकडे बघितलंच नव्हतं. मायनं पहिल्यांदा तिकडं बघितलं.

सेमिनारचे विषय द्यायचे दिवस आले. मी सरांना भेटले. म्हणाले, मला वऱ्हाडीतल्या 'राह्यली'वर बोलायचं आहे. 'बोलून राह्यली' म्हणजे बोलते आहे, 'हसून राह्यलं' म्हणजे हसतं आहे. इंग्रजीत चालू काळ जसा होतो, त्याच्याशी तुलना करते.

"गावठीवर सेमिनार?" सर म्हणाले. "इंग्रजी विभाग आहे हा." मग थोडा विचार केला आणि म्हणाले, "तू ग्रामीण विद्यार्थ्यांच्या उच्चारातल्या चुका घे. तुझी क्लिप आहेच. उदाहरण शोधत बसायला नको." हे त्यांनी मदत करतो आहे अशा आवाजात सांगितलं. मार्क त्यांच्या हातात होते. बाहेरून एक परीक्षक येणार होते. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. बाहेर आले आणि जिन्यावर बसून राहिले. शीतल आली. म्हणाली, "घेऊन टाक थो विषय. पास हो. निघ इथून." तिच्या आवाजातही माझ्याइतकाच थकवा होता.

सेमिनारच्या दिवशी बाहेरचे परीक्षक पहिल्या रांगेत बसले होते. माझं नाव आणि सरांनीच यादीत टाकलेला चुकांचा विषय पुकारला. मी फळ्यापाशी गेले. सर म्हणाले, "आधी डेटा ऐकू या." आणि त्यांनी मोबाईल स्पीकरला जोडला.

वर्गभर माझा आवाज. प्लेजर.

"बंद करा, सर."

"काय?"

"बंद करा थे." माझ्या तोंडून 'थे'च आलं. मी दुरुस्त केलं नाही. "थो आवाज माहा हाये. तुम्ही मले न इचारता भरला, न इचारता वाटला. आता बंद करा अन् काढून टाका."

कोणी हसलं नाही. सरांनी आवाज बंद केला. "हा सेमिनार आहे, तमाशा नाही," ते म्हणाले. "विषयावर बोलायचं असेल तर बोल."

मी खडू घेतला. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली.

तू बोलून राह्यली. हसून कोण राह्यलं?

मग मी इंग्रजीत बोलले. माझ्याच इंग्रजीत. सांगितलं, या दोन्ही वाक्यांत क्रिया संपलेली नाही, चालू आहे. सांगितलं, 'हसलं' आणि 'हसून राह्यलं' यात कोणीही गल्लत करत नाही, आमच्या वाड्यातलं लहान लेकरूही नाही, कारण हा नियम आहे. इंग्रजी हेच 'बी' या सहायक क्रियापदानं दाखवते, तोही नियम आहे. सांगितलं, दुसऱ्या वाक्यात प्रश्न हसणाऱ्याबद्दल आहे. बोलणारा कसा बोलला, हे त्या वाक्यात विचारलेलं नाही. बोलता बोलता एकदा 'मेजर' हा शब्द आला. मी तो माझ्याच जिभेनं म्हटला आणि पुढं गेले.

सर मधेच म्हणाले, "यू मे सिट डाऊन."

मी बसले नाही. उरलेलं पूर्ण केलं. मग बसले.

बाहेरच्या परीक्षकांनी एकही प्रश्न विचारला नाही. कागदावर काहीतरी लिहिलं, चहा मागवला. त्यांनी माझी बाजू घेतली नाही. कोणीच घेतली नाही. सेमिनारला वर्गात सगळ्यांत कमी मार्क मला पडले. प्राचार्यांकडे अर्ज दिला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "सर जुने आहेत, तू लहान आहेस, समजून घे." ग्रुपवरचं रेकॉर्डिंग सरांनी काढलं. पण ते कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये आहे, कोणाला माहीत? असेल अजून. वाजत असेल कुठंतरी.

सरांनी परत मला उभं केलं नाही. शीतललाही नाही. नंतरच्या वर्षाला, ऐकलं, दुसऱ्या एकीला केलं. देऊळगावकडची होती. तिनं मधेच कॉलेज सोडलं. मला तिचं नावही माहीत नाही.

मी एम.ए. झाले. सेटची परीक्षा दिली, नापास झाले. परत दिली, थोडक्यात गेली. आता डोणगावच्या एका शाळेत तासावर शिकवते आणि परत तयारी करते. तीच पुस्तकं, तेच बहुपर्यायी प्रश्न. डोळे चुरचुरतात. बाबा म्हणतात, "बस कर आता, बाई. शरीराकडं पाह्य." शीतलनं बी.एड. केलं, नोकरी लागली, लग्न झालं. तिचा फोन येतो. ती म्हणते, सोडून दे, या परीक्षेनं तुझं काय भलं होणार?

माझं भलं होईल म्हणून मी ती देत नाही. कॉलेजात शिकवायला ही परीक्षा लागते. कोणाला उभं करायचं, कोणाच्या तोंडाशी मोबाईल धरायचा, हे त्या टेबलामागं उभा असलेला माणूस ठरवतो. ती जागा अजून त्यांच्याकडे आहे. सरांना निवृत्त व्हायला वेळ आहे. त्यांच्यानंतर त्यांच्यासारखाच कोणी यायला तयार बसला असेल.

मी थकले आहे. हे लपवत नाही. पण मी ती जागा त्यांच्यासाठी मोकळी सोडणार नाही. परत नापास झाले तर परत बसेन. आणि मुलाखतीत कोणी आडनाव विचारलं तर मोठ्यानं सांगेन, मग त्यांना विचारेन, "हे तुम्ही काऊन इचारलं? याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी इथून उठणार नाही."