लाइन गेल्यावरची गोष्ट

सिंदी गावातल्या माझ्या आत्याला कुठलीही गोष्ट अर्धवट सोडवत नसे. तिच्या बैठकीत काळा-पांढरा टीव्ही होता आणि रविवारी सकाळी अर्धी गल्ली तिथे मांडी घालून बसायची. मालिका ऐन रंगात आली की हटकून लाइन जायची. बायका हळहळत उठू लागल्या की आत्या म्हणायची, "बसा व. लाइन गेली तं जाऊ दे, पुढचं मी सांगतो."

आणि ती सांगायची. डोळ्यांपुढे दिसत असल्यासारखं, पात्रांचे आवाज काढून. मी सुट्टीत तिच्याकडे गेले की टीव्ही बंद पडायचीच वाट पाहायचे.

एका रविवारी मालिकेतल्या सुनेला सासूनं घराबाहेर काढलं आणि लाइन गेली. समोरच्या घरातली कांताबाई त्या दिवशी कोपऱ्यात बसली होती. तिच्या लेकीला सासरच्यांनी नुकतंच आणून सोडलं होतं आणि जो तो सांगत होता, पोरीला परत पोचवून दे. आत्यानं गोष्ट उचलली. "ते सून काऊन रडन तिथं? तिनं पेटी उचलली अन् सरळ माहेरी आली. मायनं दार उघडलं, म्हणे, हातपाय धुय, जेवून घे."

"अन् लोक?" कांताबाईनं विचारलं.

"लोकाईचं काय? दोन दिवस बोलते, मंग ज्याच्या त्याच्या कामाले लागते."

पुढच्या रविवारी टीव्हीतली सून सासूच्या पाया पडली. कांताबाई ताडकन उठली. "खोटं हाय हे! आपलीच गोष्ट खरी होती." तिची लेक परत गेली नाही. सिंदीतच शिवणकाम शिकवू लागली.

पुस्तकांशीही आत्याचं असंच भांडण चाले. वाचनालयातून आणलेली कादंबरी ती चुलीपुढे बसून वाचायची आणि मध्येच लेखकाला झापायची. "हा म्हणते, बाईनं भाकरी टाकता टाकता डोळे पुसले. पिठाच्या हातानं? यानं जिंदगीत भाकर टाकली नाई, पाह्य." मी अजूनही नवं पुस्तक वाचते तेव्हा मनातल्या मनात तिला विचारते, आत्या, हे पटते का तुले? मागच्या महिन्यात दोन म्हाताऱ्या भावांवरची एक कादंबरी वाचली. शेवटी ते एकमेकांशी न बोलताच मरतात. आत्यानं त्यांना मरू दिलं नसतं, निदान एक भांडण तरी घडवून आणलं असतं.

पण आता तिला विचारता येत नाही. यंदा उन्हाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. हात-पाय सावरले, वाचा मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, शब्द सापडत नाहीत. एकच शब्द उरलाय, 'पाणी'. भूक लागली तरी पाणी, मुलाला हाक मारायची तरी पाणी.

परवा मी गेले. ती जुनी मालिका मोबाइलवर सापडली होती, तीच लावली. सुरुवातीचं संगीत वाजताच आत्या उशीला टेकून सावरून बसली. सून दारात आली, सासू ओरडली. आत्यानं हात उंचावून मला थांबायला सांगितलं. मी मोबाइल बंद केला. ती बोलू लागली, "पाणी... पाणी पाणी..."

आत्याची सून, माझी वहिनी, धावत पेला घेऊन आली. आत्यानं तो हातानं लोटला. सगळं पाणी चादरीवर सांडलं.

"दिवसभर असंच चालते, बाई," वहिनी रडवेली झाली. "काय पायजे ते समजतच नाई. मी तरी काय करू?"

मला तरी कुठे समजत होतं? पुस्तकं वाचण्यात माझा जन्म गेला, पण आत्याला देता येईल असा एक शब्द माझ्याजवळ नव्हता. ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातूनही तेच येत होतं.

वहिनीनं चादर बदलली. आत्यानं पुन्हा सुरुवात केली. पाणी, पाणी. या वेळी आवाज मध्येच चढला, मग बारीक झाला. एकदा भुवया उंचावल्या, एकदा हात दाराकडे गेला. कोणीतरी येत होतं, कोणीतरी जात होतं. कोण, ते मला कळलं नाही.

मी तिच्या पलंगाशी सरकले आणि म्हणाले, "हं."

ती थांबली. माझ्याकडे नीट पाहिलं. मग पुढे सांगू लागली.