मंगळवार, अकरा ते बारा: गणित

दाराला कुलूप दिसलं आणि साहेबांचा चेहरा खुलला.

"मॅडम, वेळापत्रक काढा."

मी पर्समधून वनिताचा कागद काढला. मंगळवार, अकरा ते बारा, रेश्मा, गणित. साहेबांनी घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा.

"कुठाय रेश्मा? कुठाय गणित?"

मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची चीड अजून उतरलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी केंद्रप्रमुख. म्हणजे जिल्हा परिषदेच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारी. भेटी द्यायच्या, माहिती गोळा करायची, वर पाठवायची. माझ्या वर विस्तार अधिकारी, ते हे साहेब. पोलादपूरच्या वर डोंगरात माझ्या केंद्रातली एक वाडी आहे. तिथली शाळा पट कमी म्हणून बंद झाली. खालच्या गावातली शाळा ओढ्यापलीकडे, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलं की दोन-दोन दिवस वाट बंद. मुलंबाळं असलेली बाकीची घरं मुंबईला गेली, नाहीतर बिरवाडीला खोली घेऊन राहिली. वनिता तिथेच राहिली. नवरा मुंबईत, सासू अंथरुणाला खिळलेली, भाताची शेती. ती डी.एड. झालेली, पण नोकरी कधी लागली नाही. तिनं आपल्या तीन मुलांना घरीच शिकवायला घेतलं. रेश्मा चौदाची, समीर दहाचा, जुई सहाची. रेश्मानं बाहेरून दहावीला बसावं, एवढाच तिचा ध्यास. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरतात. तो हायस्कूलमार्फत जातो आणि त्याला मुदत असते.

पहिल्या भेटीत मी वेळापत्रक विचारलं तर ती हसली.

"मॅडम, ठरलेलं असं नसतं. सासूबाईंचं आवरलं की आधी जुईला घेते, मग ती पेंगते. समीर एका जागी बसतच नाय, त्याचे पाढे गुरांमागं. रेश्माला गणित माझं डोकं शांत असेल तेव्हा. लावणीत तर सगळंच बांधावर."

मी मुलांना तपासलं. जुईनं माझ्या पिशवीवरची सगळी जाहिरात वाचली, खालच्या बारीक अक्षरांसकट. समीरनं तोंडी केलेला भागाकार माझ्या केंद्रातल्या पाचवीच्या निम्म्या वर्गाला वहीवरही जमला नसता. मला सगळं दिसलं होतं. पण माझ्या छापील नमुन्यात रकाना होता: वेळापत्रक, आहे किंवा नाही. 'नाही' लिहिलं की वरून प्रश्न येतात.

"दाखवायला तरी एक करून ठेव," मी म्हटलं.

"पण ते खोटं होईल ना?"

"अगं, कोण बघायला येतंय इथं?"

तिनं पट्टीनं रेघा मारून, तीन मुलांसाठी तीन रंगांत तास आखून दिले. सुंदर कागद होता.

आणि साहेब बघायला आले. कारण शाळाबाह्य मुलं शोधायची मोहीम होती आणि आमच्याकडून एकही नाव गेलं नव्हतं. नाव नाही म्हणजे तुम्ही शोधलंच नाही, असा वरचा हिशेब. साहेबांना नावं हवी होती. आयती तीन मिळत होती.

सासू आत निजलेली, म्हणून बाहेरून लावलेलं ते कुलूप बघून आम्ही खाली वळलो तर आवाज आले. खाचरात वनिता गुडघाभर चिखलात लावणी करत होती. कडेच्या ओहोळात रेश्मा काठी धरून उभी. समीर आणि जुई काठावर पालथे पडून पाण्यात बघत होते.

"मोडलेली दिसते ना?"

"मोडलीच हाय."

"मग वर काढते, बघ."

"गो तायडे, तू बदललीस काठी!"

"गप रे. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो. काठी हाय तशीच."

प्रकाशाचं अपवर्तन. दहावीचं विज्ञान. मी वीस वर्षं शिकवलं आहे, इतकं नीट पोचलेलं क्वचित पाहिलं.

"वेळापत्रकात गणित आहे," साहेब बांधावरून ओरडले. "हा पाण्यात खेळ कसला?"

वनिता कंबर सरळ करत उठली. "साहेब, लावणी हाय. आज विज्ञान घेतलं, गणित संध्याकाळी."

"म्हणजे हा कागद खोटा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. बोलायची वेळ होती ती. 'साहेब, कागद मी करायला लावला,' एवढं एक वाक्य. मी छत्रीची मूठ बघत बसले.

का, तेही सांगते. केंद्रप्रमुखाला फिरतीची दैनंदिनी लिहावी लागते. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या शाळेत. माझी दैनंदिनी मी रविवारी महाडला घरी बसून आठवड्याची एकदम लिहायचे. मुलाचं बारावीचं वर्ष, म्हणून तीनची एसटी पकडून घरी. कागदावर मात्र पाच वाजेपर्यंत मी डोंगरात. त्याच सकाळी जीपमध्ये साहेब हसत म्हणाले होते, "मॅडम, तुमची डायरी एका बैठकीतली वाटते हो." माझ्या मुलासाठी मी माझी वेळ हवी तशी वाकवत होते आणि पगार घेत होते. वनिता तेच करत होती, बिनपगारी, आणि माझ्यापेक्षा शतपटीनं प्रामाणिकपणे.

साहेबांनी लिहिलं: वेळापत्रकाप्रमाणे अध्यापन आढळले नाही, मुले शेतकामावर. खाली मी सही केली.

तिन्ही नावं यादीत गेली. आमच्या कामाचं कौतुक झालं. मग सतरा नंबरचा फॉर्म निघाला, आणि हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणाले, मुलीचं नाव यादीत आहे, आधी कार्यालयाचं पत्र आणा. वनिता रेश्माला घेऊन थेट कार्यालयात आली. साहेब, दोन क्लार्क, मी, सगळे हजर.

"मॅडम, तुमीच सांगितलंत ना, दाखवायला कागद कर म्हणून?"

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मी असं काही म्हटलं नव्हतं," मी म्हणाले.

गप्प राहणं वेगळं. हे धडधडीत खोटं होतं, एका पोरीच्या तोंडावर. रेश्मा आईचा हात धरून तिला बाहेर घेऊन गेली.

पत्र मिळालं नाही. मुदत गेली, रेश्माचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी वनितानं, जिथं ही यादी पोचली नव्हती अशा महाडच्या एका शाळेतून फॉर्म भरला आणि पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली. कार्यालयात म्हणाले, "बघा, झालं ना शेवटी चांगलं? सिस्टीमच अशी आहे, तुम्ही काय करणार?" हे वाक्य ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते. सिस्टीम डोंगर चढून वाडीत गेली नव्हती. मी गेले होते.

या पावसाळ्यात पुन्हा गेले. वनिता ओसरीत सासूला भरवत होती. मी सगळं सांगितलं. डायरी, साहेब, भीती. तिनं घास थांबवला नाही.

"हे मला कशाला सांगता? मला म्हाइतीच हाय. साहेबांना सांगितलंत?"

"नाही."

"समीर आणि जुई अजून यादीत हायेत, मॅडम. जुईसुद्धा कधीतरी दहावीला बसायची हाय."

पाणीसुद्धा विचारलं नाही तिनं. बरोबरच केलं.

सोमवारी मी साहेबांच्याही वर लेखी दिलं. कागद माझ्या सांगण्यावरून केला, मुलं शिकत होती, मी खोटं बोलले. दैनंदिनीचंही लिहिलं, नाहीतर साहेबांनी लिहिलंच असतं. दोन्ही मुलांची फेरतपासणी झाली. त्यासाठी दुसरेच अधिकारी लावणीतच आले आणि दिवसभर बांधावर बसले. नावं यादीतून निघाली. मला कारणे दाखवा नोटीस आली आहे. रेश्माचं वर्ष परत द्यायला कुठलाच नमुना नाही.

नव्या केंद्रप्रमुखांना एवढंच सांगेन: दुसऱ्याला दाखवण्यापुरता कागद करायला लावाल, तर त्यावर पहिली सही स्वतःची करा.