एकशे ऐंशी खुर्च्यांचा हॉल

सहा वर्षांपूर्वीचा गणपतीतला शनिवार. अमेरिकेत, अल्फारेटामधल्या आमच्या मराठी मंडळाचा हॉल, खुर्च्या एकशे ऐंशी. त्याच्या दोन दिवस आधी आमच्या स्वयंपाकघरात दोघंच होतो — मी आणि माझी मुलगी तनू. तिथे मी जे बोललो त्यातलं खरं काय, ते कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

तनू तेव्हा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिच्या कॉलेजात सगळ्या धर्मांच्या मुलांचं बघणाऱ्या प्रमुख म्हणजे रेव्हरंड लोरेन — काळ्या, साठीच्या, आवाज असा की माइक लागत नाही. देवाबद्दल बोलायचं आणि वर्णभेदाबद्दल गप्प बसायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. त्या मुलांना एकमेकांच्या देवळात, मशिदीत, चर्चमध्ये न्यायच्या. तिथल्या लोकांबरोबर जेवायला, गायला लावायच्या. त्या वर्षी त्यांच्या चर्चमधले चौदा गायक आमच्या आरतीला येणार होते. तनूनं त्यांना सहा आठवडे आरती शिकवली होती. त्यांना 'ळ' काही केल्या जमत नाही म्हणून घरी येऊन हसायची.

मंडळाच्या कार्यक्रमाला येणाऱ्यांची नोंदणी माझ्याकडे. मी पेशानं ऑडिटर. माझा आकडा चुकत नाही हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून तर —

सरळच सांगतो.

"हॉल फुल झालाय गं," मी तनूला म्हणालो. "एकशे ऐंशीच्या वर एक माणूस घेता येत नाही. फायर सेफ्टीचा नियम आहे."

"बाबा, आर यू शुअर? चौदाच जण आहेत. मागे उभे राहतील ना!"

"नियम म्हणजे नियम."

"ओके. तुम्ही मोजलंय म्हणजे विषयच संपला."

ती अंगणात जाऊन रेव्हरंडना फोन करत होती. खिडकीतून ऐकू येत होतं. तीन वेळा सॉरी म्हणाली.

कमिटीतलं कुणी मला काही सुचवलं होतं का? नाही. चित्र माझ्याच डोक्यातलं — चौदा काळी माणसं दारातून आत येतायत, पहिल्या रांगेतल्या काकू पर्स मांडीवर ओढून घेतायत, आणि सगळे वळून माझ्याकडे बघतायत. ते बघणं मला नको होतं. आणि हे कुणी करावं? मी या देशात नवा असताना 'खोली आत्ताच गेली' म्हणून मला दारातूनच परत पाठवलं होतं. 'खोली भाड्यानं देणे आहे' ही पाटी पुढे नऊ दिवस खिडकीत होती — मी मोजले होते. हा किस्सा मी प्रत्येक पार्टीत सांगतो.

त्या शनिवारी तनू मंडळात आली नाही. कॉलेजच्या प्रार्थनागृहात, तिच्या फोनवरच्या गणपतीसमोर, त्या चौदा जणांनी आरती म्हटली.

आता तनू त्याच कॉलेजात रेव्हरंडच्या हाताखाली काम करते. तिच्या नेमणुकीच्या समारंभाला आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. माझी पोर त्या व्यासपीठावर! छाती फुगली होती, लपवत नाही. ती म्हणाली, "आता कुणी तोंडावर दार आपटत नाही. नियम दाखवतात, आकडा सांगतात. तो आकडा स्वतः मोजून बघा. हे मला ज्यांनी शिकवलं, ते माझे बाबा इथे बसलेत."

सगळ्यात आधी रेव्हरंड उठून उभ्या राहिल्या. मग सगळेच. त्यांच्यात त्या चौदांपैकी किती होते? मोजायची हिंमत झाली नाही. मी उठलो, हात जोडले, टाळ्या घेतल्या.

तिचा अभिमान आजही आहे, पुरेपूर आहे.

त्या शनिवारची नोंदणी एकशे एकोणपन्नास होती. एकतीस खुर्च्या रिकाम्या राहिल्या. कार्यक्रम संपल्यावर मीच त्यांच्या घड्या घालून त्या भिंतीला लावल्या.